शिस्टरची जाळरेषा

यमुना रामचंद्र जगदाळे या बाईंवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगतो: १९९७ साली, होळीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. कोरेगावच्या पूर्वेला त्यांच्या गावची गायरानाची टेकडी कुणीतरी पेटवून दिली, आणि ज्या बाईंनी ती टेकडी वर्षानुवर्षं जळू दिली नव्हती त्यांच्यावरच गावानं आग लावल्याचा आरोप ठेवला. 'कुणीतरी' हा शब्द मी नाइलाजानं लिहितोय. तो कोण, हे गावाला माहीत आहे. गाव बोलत नाही, एवढंच.

आता बाईंविषयी.

मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात, भाजलेल्या पेशंटांच्या वॉर्डात त्यांनी सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भावाच्या गावी आल्या आणि भावाच्या घराला लागून असलेल्या एका खोलीत राहू लागल्या. गाव त्यांना शिस्टर म्हणायचं. सरपंच म्हणायचा, भावजय म्हणायची, पुढं पुढं भाऊसुद्धा म्हणायला लागला. आक्का म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. एकदा मी म्हटलं, "तुम्हाला आक्का म्हणू का?" तर म्हणाल्या, "कशाला? सवय मोडेल."

दवाखाना अंगातून गेला नव्हता. जेवायच्या आधी हात कोपरापर्यंत धुवायच्या. अंथरुणाच्या चादरीचे कोपरे इतके घट्ट दुमडायच्या की झोपणाऱ्याला आत शिरताना झटापट करावी लागावी. सकाळी स्टोव्हवर पातेलं ठेवून चिमटा आणि कात्री उकळायच्या, आणि ओसरीवर बसून ड्रेसिंगं करायच्या. कोयता लागलेले, काटा मोडलेले, गळू झालेले, सगळे तिथं. एकाचं झालं की मान वर न करता "पुढचा!" म्हणून ओरडायच्या. ओसरीवर एकच माणूस असला तरी "पुढचा!" म्हणायच्या.

आणि खोटं बोलायच्या नाहीत. एका म्हाताऱ्यानं माझ्यासमोर विचारलं, "शिस्टर, माजं गुडघं बरं हुतील का वं?"

"नाही होणार."

"आवं, जरा धीर द्यावा माणसाला."

"धीर देवळात मिळतो. माझ्याकडं मलम आहे, पाहिजे का?"

म्हातारा हसत मलम घेऊन गेला. लोक त्यांच्या बोलण्याला हसायचे, त्यांना मानायचेही, पण चहाला कुणी थांबायचं नाही. ओसरी रिकामी झाली की त्या पायरीवर बसून टेकडीकडं बघायच्या.

माझी ओळख पत्रकांमुळं झाली. आम्ही सांगलीतली चार पोरं जंगलावर आणि तापत चाललेल्या हवेवर पत्रकं छापून गावोगाव वाटायचो. त्यांच्या गावच्या एसटी थांब्यावर मी उभा होतो. लोक पत्रक घेत होते आणि त्यात शेंगा बांधत होते. एका पांढऱ्या साडीतल्या बाईंनी पत्रक घेतलं, तिथंच उभ्यानं पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं आणि मला म्हणाल्या, "ह्यातलं खरं किती?"

"सगळं."

"सगळं खरं असलेला कागद मी आजवर बघितला नाही. ठेव इथं गठ्ठा."

पत्रकात होतं ते थोडक्यात असं. झाड हवेतला कार्बन ओढून लाकडात साठवतं. जंगल जाळलं की साठवलेलं सगळं एका दुपारी परत हवेत जातं, आणि उद्या ज्या रोपानं ते ओढलं असतं तेही कोंबातच मरतं. आमच्यासारख्या गरीब देशाला धुराडी एकदम बंद करता येणार नाहीत, पण असलेलं जंगल जळू न देणं तरी जमेल. शिस्टरांना हे फार पटलं. टेकडी राखायला त्यांनी आमच्या आधीच सुरुवात केली होती. आता त्यांना त्यासाठी शब्द मिळाले. "कार्बन" हा शब्द त्या औषधाच्या नावासारखा, स्वच्छ उच्चारायच्या.

एका पत्रकात मला त्यांच्याविषयी लिहायचं होतं. भाजलेल्या माणसांचे हाल बघून बाईंनी आगीशी वैर धरलं, असं मी लिहून नेलं. वाचून त्या भडकल्या.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"मला वाटलं..."

"वाटलेलं लिहू नको. इथं आले तेव्हा बसायला सावली नव्हती. मला सावली पाहिजे होती. संपलं."

आमच्या सातारा-सांगलीकडं डोंगरांना दरवर्षी माघ-फाल्गुनात आग 'लागते'. असंच म्हणायची पद्धत आहे. लागत नाही हो, लावतात. वाळलं गवत जाळलं की पावसात नवं गवत जोमानं येतं, ही समजूत. आजा लावायचा, बाप लावायचा, म्हणून नातू लावतो. गवत एरवीही येतंच. मरतात ती झाडं, आणि झाडं गेली की माती उघडी पडून ओढ्याला जाते. मग हेच लोक उन्हाळ्यात टँकरसाठी रस्ता अडवतात.

शिस्टरांनी टेकडीवर एकही झाड लावलं नाही. जळू दिली नाही, इतकंच केलं. जुन्या तोडलेल्या धावड्याच्या खोडांना फुटवे आले, मग खैर आला, आपटा आला, बोरी-करवंदीच्या जाळ्या झाल्या. मी पहिल्यांदा वर गेलो तेव्हा धावडे माझ्या डोक्याच्या वर होते. शिस्टर त्यांच्या बुंध्यांवर हात ठेवून पुढं सरकत होत्या, वॉर्डात फेरी मारावी तशा. एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, "हा मागच्या वर्षी गेलाच होता."

हे कसं केलं ते सांगणं भाग आहे, कारण अन्याय त्यातूनच उभा राहिला. टेकडी वाचवायची तर पायथ्याभोवती जाळरेषा काढावी लागते. एक रुंद पट्टा धरायचा, त्याच्या दोन्ही कडांचं गवत कापायचं, आणि मधलं गवत सकाळी दव असताना, वारा पडलेला असताना आपणच जाळून टाकायचं. मग खालून कुणी विडी फेकली तरी आग त्या काळ्या पट्ट्याशी येऊन मरते. म्हणजे टेकडीला आगीपासून राखणाऱ्या बाईंना दर पौषात आपल्या हातानं टेकडीच्या कडेला काडी ओढावी लागायची. ती त्या सगळ्या गावादेखत ओढायच्या. लपवायचं काय होतं त्यात?

आतलं गवत त्या बायकांना फुकट कापू द्यायच्या. अट एकच. जनावर वर सोडायचं नाही, कापून डोक्यावरून न्यायचं. दिवाळीनंतर बायका विळे घेऊन वर जायच्या, शिस्टर मध्ये उभ्या.

"शिस्टर, तुमी बी घ्या की इळा. नुसतं हुबं ऱ्हाऊन आमच्यावर सायबीन व्हताय व्हय?" एक जण म्हणायची.

"मी विळा घेतला तर तुझं बोट कापल्यावर बांधणार कोण?"

"आमचं बोट कापत न्हाई. तुमच्यावानी दवाखान्यात न्हाई वाढलो!"

बायका खळखळून हसायच्या. शिस्टरही हसायच्या, तोंडावर पदर धरून. मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं ते फक्त तिथं. पण भारे डोक्यावर गेले की बायका घोळक्यानं खाली उतरायच्या आणि शिस्टर मागून एकट्या.

पुरुषांना हे खपत नव्हतं. जनावर मोकळं सोडायची सोय गेली होती. त्यात पुढाकार आबांचा. आबा म्हणजे सरपंचाचे थोरले भाऊ, दावणीला म्हशीच म्हशी, आणि निम्म्या गावाचं दूध त्यांच्या संकलनावर जायचं. चावडीपुढं बैठक बसली तेव्हा मी सांगलीहून गेलो होतो. शिस्टर आमचं पत्रक हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी कार्बन सांगितला. सगळा सांगितला. ही त्यांची चूक झाली असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

आबा शांतपणे म्हणाले, "शिस्टर, म्हंजी आमी गवात जाळलं की जग तापतंय. व्हय?"

"होय."

"आन अमेरिकंत घरटी दोन-दोन मोटारी हायेत म्हनं. त्येंचा धूर कुटं जातो?"

"तोही वरच जातो."

"मग त्येस्नी सांगा की, मोटारी बंद करा म्हून. आमच्या म्हशीनं अमेरिकेचं काय घोडं मारलंय?"

चावडी हसून हसून लोळली. शिस्टर हसणं थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आबा, अमेरिकेला जायला मला जमत नाही. टेकडीवर जमतं." आणि खाली बसल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या जागा मोकळ्या होत्या. मी जाऊन बसलो, तर म्हणाल्या, "तू तिकडं बस. परगावचा माणूस शेजारी दिसला की आणखी बोलतील."

आबांचा प्रश्न खोटा नव्हता, हे मी इथं मान्य करतो. ज्यांनी जन्मभर धूर ओकला त्यांनी खुशाल बसायचं आणि झाडं राखायचा उपदेश आमच्या खेड्यांना करायचा, याची चीड मलाही आहे. त्यावरही आम्ही पत्रकं काढली आहेत. पण हा प्रश्न पुढं करून आपल्याच टेकडीला काडी लावायची, आपलीच माती ओढ्याला घालवायची आणि वर शहाणपणाचा आव आणायचा, हे कुठल्या न्यायात बसतं? त्या दिवसापासून शिस्टरांचं नाव 'अमेरिकावाली' पडलं. मिरजेच्या पलीकडं कधी न गेलेली बाई अमेरिकावाली!

मग ती होळीची आदली दुपार. आग खालून आलीच नाही. खाली जाळरेषा होती. आग माथ्यावर लागली, जाळरेषेच्या आत, आणि वाऱ्याबरोबर खाली धावली. धावडे उभे पेटले. पायथ्याला आबांची कडब्याची गंज आणि एका घराचा गोठा होता, जाळरेषेवरून उडालेल्या ठिणग्यांनी दोन्ही गेली. शिस्टर आग झोडपायला निरगुडीचा फाटा घेऊन एकट्या वर धावल्या, धुरात कोंडल्या, आणि दोन गुराख्यांनी त्यांना ओढून खाली आणलं. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा चावडीपुढं पंचनामा चालला होता. त्यांच्या भुवया जळाल्या होत्या. चेहरा लाल आणि उघडा दिसत होता.

फौजदारानं विचारलं, "बाई, टेकडीला काडी तुम्ही लावता?"

"लावते."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"यंदा लावली?"

"लावली."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ऐकलं न्हवं? आपल्या तोंडानं कबूल झाली!" त्यानंतर "पौषात, जाळरेषेला" असं त्या म्हणाल्या ते गलक्यात बुडालं. गावात प्रत्येकानं त्यांना पौषात काडी ओढताना पाहिलं होतं. जाळरेषा म्हणजे काय हेही प्रत्येकाला माहीत होतं. तरी एकामागून एक पुढं आले आणि "आमी बघितलंय, शिस्टरच्या हातात आगपेटी हुती" एवढंच सांगून मागं सरले. भावाला विचारलं. भाऊ जमिनीकडं बघत म्हणाला, "ती तिचं बघतीया, आमी आमचं."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. "शिस्टर, आधी पौष म्हणायचं होतं!"

"विचारलं त्याचं उत्तर दिलं. ताप आहे का विचारलं तर कुणी आधी महिना सांगतं का?"

संध्याकाळी त्या टेकडीवर गेल्या. मी मागं. राख अजून ऊन होती. त्यांनी एका काळ्या बुंध्यावर हात ठेवला, उचलला, लुगड्याला पुसला. "वरचं गेलं," म्हणाल्या. "मुळाचं पावसात कळेल." खाली येताना मला उगाच मिरजेच्या गाड्यांच्या वेळा विचारल्या.

आणि एक गोष्ट. गवत कापणाऱ्या बायकांतली एक त्या आठवड्यात परसातून त्यांच्याकडं आली. माथ्यावरून त्या दुपारी कोण उतरलं ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं नाव सांगितलं, आणि मग पायाला हात लावून म्हणाली, "माजं नाव घिऊ नगा शिस्टर, आमचं दूध आबाच्या डेरीवर जातंय." हे मला शिस्टरांनी सांगितलं. बाईचं नाव सांगितलं नाही, लावणाऱ्याचंही नाही. मी हट्ट धरला, भांडलो.

"पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं बाहेर नेत नाहीत."

"ती पेशंट नाही, शिस्टर. साक्षीदार आहे!"

"माझ्याकडं आली म्हणजे पेशंटच."

त्यानंतर ओसरीवर कुणी आलं नाही. अमेरिकावालीच्या ओसरीवर दिसलेला माणूस आबांच्या नजरेत यायचा. कोयता लागलेले आता तालुक्याला जायचे. तरीही शिस्टर सकाळी स्टोव्ह पेटवायच्या, चिमटा-कात्री उकळायच्या, कोपरापर्यंत हात धुऊन ओसरीवर बसायच्या. मी एकदा त्या वेळी गेलो. पातेल्यातलं पाणी उकळून उकळून आटत आलं होतं आणि त्या रस्त्याकडं बघत होत्या. माझी चाहूल लागताच मान खाली घालून म्हणाल्या, "पुढचा!" मग वर बघितलं. "तू होय? तुला काय झालंय?" मला काही झालेलं नव्हतं. मी चप्पल लागलेली टाच पुढं केली. त्यांनी ती फार वेळ घेऊन बांधली.

पावसाच्या आधी त्यांनी मिरजेत खोली घेतली. सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत. खाली भोपळे वाळत घातलेले, वर यांची एक खिडकी. "दिवसभर एकच तार लावत बसतात मेले," असं कुरकुरायच्या, पण सुट्टीच्या दिवशी गल्ली गप्प झाली की त्यांना करमायचं नाही. घरोघरी जाऊन म्हातारी माणसं सांभाळायचं काम धरलं होतं. पंचनाम्यावरून त्यांच्यावर खटला भरला होता, तालुक्याच्या कोर्टात. तारखेला मी त्यांच्याबरोबर जायचो, मिरजेहून पॅसेंजरनं. त्या खिडकीशी बसायच्या आणि बाहेरचे डोंगर बघायच्या. जळलेला दिसला की नुसतं "हं" करायच्या. माघ लागल्यावर त्या "हं"ला खंड उरला नाही.

पुढच्या वर्षी तारीख नेमकी शिमग्याच्या आठवड्यात आली. कऱ्हाड मागं पडलं आणि एका लहान स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली. समोर शेतांच्या पलीकडं डोंगर होता. त्याच्या कुशीत धुराची एक बारीक काडी उभी राहिली आणि बघता बघता आडवी पसरली. डब्यातल्या कुणीही वर बघितलं नाही. शिस्टर उठल्या.

"तू जा कोर्टात. माझं नाव पुकारतील. उभा राहा आणि सांग, डोंगर पेटला होता म्हणून उतरली."

"कोर्टात असं चालत नाही, शिस्टर. वॉरंट निघेल."

"निघू दे."

"मग मीही येतो."

"दोघंही उतरलो तर तिथं उभं कोण राहणार? बस खाली."

त्या उलट्या बाजूनं, रुळांवरच उतरल्या. पिशवी माझ्या मांडीवर. शेताच्या बांधावर दोन माणसं उकिडवी बसून आग बघत होती. शिस्टर त्यांच्यापाशी थांबल्या, हात करून काहीतरी म्हणाल्या. एकानं दुसरीकडं बोट दाखवलं. दोघांपैकी कुणी उठलं नाही. शिस्टर पुढं निघाल्या. नांगरलेल्या ढेकळांतून त्यांना नीट चालता येत नव्हतं. दर चार पावलांवर तोल जायचा. समोरची गाडी धडधडत आली आणि मध्ये आली. ती गेली तेव्हा त्या बऱ्याच लांब पोचल्या होत्या, पांढरा ठिपका, आणि वर सगळा डोंगर. मग आमचीही गाडी हलली.

समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "आई का तुमची?"

"नाही."

"मग कोण?"

"शिस्टर," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही.

कोर्टात नाव पुकारलं. मी उभा राहिलो, सांगितलं. "तुम्ही नातेवाईक?" "नाही." "मग बसा." आरोपी गैरहजर. वॉरंट निघालं. मिरजेच्या खोलीवर मी पुन्हा गेलो तेव्हा कुलूप होतं. घरमालकीण म्हणाली, हात भाजून आल्या होत्या, दोन दिवस राहिल्या, भाडं चुकतं केलं आणि गेल्या. कुठं ते बोलल्या नाहीत. आज त्या कुठं आहेत मला माहीत नाही. कायद्याच्या नजरेत त्या फरारी आहेत. आग लावणारा गावात आहे, आणि त्याच्या म्हशी टेकडीवर मोकळ्या चरतात.

तर वाचणाऱ्यांनो, हळहळ नको. खटला अजून मिटलेला नाही. त्या दुपारी माथ्यावरून कोण उतरलं हे तुम्ही पाहिलं असेल, तर तालुक्याच्या कोर्टात जा आणि त्याचं नाव सांगा. दूध दुसऱ्या डेरीला घालता येतं. आणि तुम्ही त्या गावचे नसाल, तर तुमच्या गावाला डोंगर आहे, तो दर वर्षी पेटतो, आणि कोण पेटवतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तो तुमचा शेजारी असेल, चुलता असेल, सख्खा भाऊ असेल. यंदा होळीच्या आधी त्याच्या दारात जा आणि चार माणसांत त्याचं नाव घ्या. एकट्याला भीती वाटत असेल तर दोघं जा. पण जा.